देवरावांनी मशीन सोडवली

प्रभावतीबाईंनी शिलाई मशीनच्या चाकाला हात लावला, तर चाक हलेना. पायडल दाबलं, तेही हलेना. सुई तेवढी रुपालीच्या पांढऱ्या ब्लाऊजच्या बाहीत खोल रुतून बसली होती, आणि रुपालीचं लग्न उद्या होतं.

"अवो, मशीन जाम झाली!"

ओट्यावर बसलेले देवराव हाक ऐकून जवळजवळ आनंदानेच उठले. घाटंजीच्या जिनिंगमध्ये मशिनींना तेल-ग्रीस करण्यात त्यांची उमर गेली होती. यंदा कापसाचा भाव असा काही पडला की जिनिंग अर्ध्या हंगामातच बंद झाली. तेव्हापासून ते घरात बिघडलेलं काहीतरी शोधत फिरत. प्रभावतीबाईंनी मात्र रडत न बसता माळ्यावरची आईची जुनी मशीन खाली काढली होती. नवरीचं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. ते बिघडलं असतं तर वस्तीत पुन्हा कोणी कापड दिलं नसतं.

"जब्बारभाई मिस्त्रीले बलावून आणा," त्या म्हणाल्या.

"जब्बारभाई राजूरले गेले. अन् कायले पायजेत जब्बारभाई? एवढाल्या मशिनी सांभायल्या म्या. हे तं लेकरू हाये त्यायच्यापुढे!"

"मंग आधी सुई काढा. सुई निंघाली का ब्लाऊज सुटते."

सल्ला बरोबर होता. पण सुईचा स्क्रूही घट्ट बसला होता. देवरावांनी पकड लावली, दात-ओठ खाल्ले आणि जोर केला. स्क्रूचं मुंडकं तुटून त्यांच्या हातात आलं.

"जुनं लोखंड," ते शांतपणे म्हणाले. "आता घासलेट."

"जपून! पांढरा कपडा हाये."

ब्लाऊजखाली जुना पेपर सारून देवरावांनी तेल घालायच्या भोकांत घासलेट सोडलं. थेंब थेंब सोडायचं ते धार धरून सोडलं. थोड्या वेळाने आतून पिवळं, चिकट काहीतरी पाझरायला लागलं. प्रभावतीबाईंनी वाकून वास घेतला.

"हा जवसाचा वास काहून येऊन राह्यला?"

देवराव चाक निरखू लागले.

"अवो, मी तुमालेच इचारून राह्यली."

"तू उमरखेडले गेलती ना माहेरी, तवा म्हटलं जरा सर्व्हिसिंग करून ठेवू. मशीनचं तेल सरलं होतं. जवसाचं लय गुळगुळीत असते."

"अन् वाळल्यावर? डिंकावानी चिकटते ते!"

"वाळते थंडीत. टिनाखाली एवढं गरम होते, कायचं वाळते?" असं म्हणता म्हणता उत्तर त्यांच्याच ध्यानात आलं: त्या गरमीनेच तर तेल वाळलं होतं. मग ते घाईघाईने म्हणाले, "ऊन दाखवू. तापलं का ढिलं होईन."

मशीनचं वरचं धूड स्टँडवरून काढून त्यांनी अंगणातल्या बाजेवर उन्हात ठेवलं. बाही सुईत अडकलेलीच होती, बाकीचा ब्लाऊज बाजेवर पसरला होता. देवराव खांद्यावरच्या दुपट्ट्याने घाम पुसत चाक मागेपुढे हलवत राहिले. आधी केसभर, मग बोटभर, आणि एकदम कट्‌ असा आवाज होऊन चाक गरगरलं.

"सुटली!" देवराव ओरडले. "पाय, पाय, कशी पळून राह्यली!"

हर्षाच्या भरात ते चाक फिरवतच राहिले. थांबले, तेव्हा ताठ उभं राहता येईना. दुपट्ट्याचं टोक सुईखाली गेलं होतं आणि बाहीला सुबक शिवलं गेलं होतं.

नेमकी तेव्हाच रुपाली फाटकातून आत आली.

"काका, माहा ब्लाऊज तुमच्या गळ्यात काहून हाये?"

प्रभावतीबाईंनी कात्री आणली, नवरा वेगळा केला आणि ब्लाऊज उजेडात धरला. बाहीवर जवसाचे, मळाचे पिवळे-काळे डाग. साबणाने दोनदा धुतल्यावर ते फिके झाले, पण गेले नाहीत. रुपालीचे डोळे भरून आले.

"रडू नको," प्रभावतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका ठाम होता की रुपाली खरंच थांबली. "साडी पांढरी, ब्लाऊज निळा. बाबासाहेबांचा निळा. सभामंडपात तुह्यासारखी कोणीच दिसणार नाई." आणि वळून देवरावांना, "बाजारातून निळ्या रंगाची पुडी आणा. फक्त पुडी. दुसरं काई करू नका."

रंग चढला, डाग बुडाले. मोकळी झालेली मशीन पुसून, स्टँडवर चढवून प्रभावतीबाईंनी राहिलेली बाही एका बैठकीत शिवली.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, हार घातले गेले. पांढऱ्या साडीवर तो गडद निळा ब्लाऊज असा खुलला की वराची आत्या मथुराबाई जेवणाचं ताट सोडून प्रभावतीबाईंजवळ आली.

"बाई, निळं कापड कुठचं? असा रंग दुकानात दिसत नाई."

"घरीच रंगवतो आमी," प्रभावतीबाई म्हणाल्या.

"मंग माह्या दोघी पोरींचे शिवून द्या. दिवाळीनंतर लग्न हायेत."

प्रभावतीबाई हो म्हणणार, तोच मागून देवराव पुढे सरसावले.

"देऊ ना. पण टाईम लागते, बाई. आमची पद्धत लय किचकट हाये."

प्रभावतीबाईंनी वाढप्याला खूण केली. "भाऊ, यायले आणखी बुंदी वाढा," त्या म्हणाल्या. "तोंड भरून वाढा."