गंजके खिळे संरक्षण मंडळ

तो आवाज निरीक्षकांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माइक बंद पडला होता. टायरच्या दुकानाखालचं तळघर, भिंतींना ओल, हवेत रबराचा वास. आणि एक किरकोळ अंगाची मुलगी नुसत्या गळ्याने गात होती. गात होती म्हणजे ओरडतच होती, पण पत्र्यावर ऊन तापावं तसं ते ओरडणं तापत गेलं:

कुलूप तुमचं, किल्ली तुमची, दाराचं लाकूड माझं,
आत कोंडला वारा, त्याचं छपराला झालं ओझं.

वजनमापे खात्यातल्या या तरुण नोकरदाराचं त्या दिवशी ‘गंजके खिळे’ या बँडवर प्रेम जडलं. प्रेम खरं होतं. दिवसभर दुकानदारांच्या तराजूंवर मोहोर मारून घरी आलं की ते खिळ्यांची कॅसेट लावत. पुढे कॅसेटची सीडी झाली, केस गेले, चष्मा आला, लिपिकाचे निरीक्षक झाले. प्रेम तसूभर हललं नाही. गाणं सुरू झालं की बायको मुकाट्याने उठून स्वयंपाकघरात जाई आणि दार लावून घेई. निरीक्षकांना ते बरं वाटे. घरच्या माणसालाही सोसवत नाही, म्हणजे माल अस्सल.

अशा प्रेमाला उघड्यावर ठेवणं धोक्याचं असतं. म्हणून एक दंतवैद्य, एक प्राध्यापक आणि स्वतः निरीक्षक यांनी रीतसर मंडळ स्थापन केलं. उद्देश एकच: खिळ्यांची उपेक्षा अबाधित राखणे. बैठका दंतवैद्यांच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकांवर होत. उपेक्षेची व्याख्याही ठरली. श्रोते एकमेकांना ओळखत असेपर्यंत बँड उपेक्षित समजावा; एक जरी अनोळखी चेहरा नियमित दिसू लागला, तर परिस्थिती चिंताजनक समजावी. सदस्यत्वासाठी आलेल्याला गाणं ऐकवत. “आवडलं” असं लगेच म्हणणारा उथळ म्हणून बाद होई. जो घरी जाताना गुणगुणला, त्याच्यासाठी पुन्हा दार उघडत नसे. चाल ओठांवर बसते ही अफवा बाहेर गेली असती.

एके दिवशी बैठक भरली असताना गायिका स्वतः आली. आता तिचेही केस पिकले होते.

“टायरवाल्याला तळघर गोदामाला हवंय,” बाकाच्या कडेवर टेकत ती म्हणाली. “शनिवारी एकदा भरून दाखवलं तर राहू देईन म्हणतो. नाहीतर आम्ही संपलो. ढोलवाला त्याच्या भावाकडे निघालाच आहे. दादा, तुम्ही आमचे सगळ्यांत जुने. माणसं आणा हो.”

“माणसं?” दंतवैद्यांनी विचारलं.

“हां. ऐकणारी.”

ती गेल्यावर मंडळाने विषय चर्चेला घेतला.

“भरलं तर उपेक्षा गेली,” प्राध्यापक म्हणाले.

“आणि नाही भरलं तर बँडच गेला,” निरीक्षक म्हणाले. तिच्या आवाजावाचून संध्याकाळ कशी जाते, हे त्यांना आठवतही नव्हतं.

“बँड नसला तर उपेक्षा कुणाची करणार?” दंतवैद्य म्हणाले. मुद्दा बिनतोड होता.

त्यातून ठराव झाला, तो असा: तळघर भरावे, मात्र ज्यांना गाणी आवडण्याची शक्यता नाही अशाच व्यक्तींनी भरावे. प्राध्यापकांनी हजेरी सक्तीची करून वर्ग आणायचा. दंतवैद्यांनी दाढ सुन्न केलेले रुग्ण आणायचे, कारण सुन्न जबड्याचा माणूस गुणगुणू शकत नाही. निरीक्षकांनी, ज्यांच्या तराजूंची तपासणी अद्याप व्हायची आहे, असे दुकानदार आणायचे.

“आणि वहिनींना आणा,” प्राध्यापक म्हणाले. “इतकी वर्षं दार लावून घेतात. एवढी खात्रीची व्यक्ती दुसरी नाही.”

बायकोला विचारलं तेव्हा ती कपडे घडी करत होती.

“मी येऊन काय करू?” ती म्हणाली.

“काही करायचं नाही. बसायचं. तोंड नेहमीसारखं ठेवायचं.”

“नेहमीसारखं म्हणजे कसं?”

“तेच, आत्ता आहे तसं.”

शनिवारी संध्याकाळी तळघर गच्च भरलं. विद्यार्थी उजेडाच्या दिशेने वही धरून बसले, रुग्ण रुमालाने हनुवटी पुसत होते, किराणावाला निरीक्षकांना पाहून विनाकारण नमस्कार करत होता. मंडळ भिंतीला टेकून समाधानाने पाहत होतं. इतक्या माणसांत एकही चाहता नव्हता.

गायिका उभी राहिली. पहिलं कडवं झालं आणि माइक बंद पडला. तिने तो खाली ठेवला, तोंड उघडलं, पण या वेळी गळ्यानेही साथ सोडली. नुसती हवा आली. दाराशी उभा टायरवाला घड्याळ पाहू लागला. निरीक्षकांना पुढचं कडवं झोपेतही पाठ होतं. ते ओठ मिटून उभे राहिले. मंडळाचा नियम होता.

त्यांच्या शेजारून आवाज आला. संथ, स्वच्छ, लय न चुकवता:

खिळा गंजला तरी घुसतो, गंजतो म्हणून टिकतो,
उपटायला जो हात येतो, तो रक्त सांडून शिकतो.

बायको गात होती. गायिकेने तिच्याकडे पाहिलं आणि तुटलेल्या गळ्यानेच सूर धरला. किराणावाल्याने पाय आपटला. त्याच्यामागे सगळे दुकानदार आपटू लागले, भीतीने नव्हे. विद्यार्थ्यांनी वह्या मिटल्या. सुन्न जबड्यांतून एक ओबडधोबड, लाळेने भिजलेला, पण अगदी सुरातला घुमारा उठला. शेवटी टायरवाला हात वर करून ओरडला, “ठेवा रे तळघर, ठेवा.”

बँड वाचला. मंडळाने तातडीने बाहेरच्या पायऱ्यांवर बैठक बोलावली.

“सुरुवातीची धार राहिली नाही आता,” दंतवैद्य म्हणाले.

“लोकांना काय, काहीही आवडतं,” प्राध्यापक म्हणाले. “मी एक दोघांचा बँड ऐकलाय. त्यातला एक सोडून जाण्याच्या विचारात आहे. फार आशादायक.”

निरीक्षकांनी मान डोलावली. खालून तेच गाणं पुन्हा सुरू झालं होतं आणि त्यांना ते खरंच जरा सपाट वाटलं. हसू नका. तुमच्याही कपाटात असं एखादं पुस्तक आहे, जे शेजाऱ्याच्या हातात दिसलं त्या दिवसापासून तुम्ही उघडलेलं नाही.

बायको घामाघूम होऊन वर आली. पदराने तोंड पुसत ती पायरीवर बसली.

“तुला पाठ होतं?” निरीक्षकांनी विचारलं.

“सगळीच आहेत. दार लावून तेच तर करायचे. गायचे, नाचायचेसुद्धा.”

“मग सांगितलं का नाहीस कधी?”

“सांगितलं असतं तर तुम्ही टाकलं असतंत त्यांना.” ती थोडी थांबली. खालचा गलका वर येत होता. “मी तुमच्या घरात कुणालाच पसंत नव्हते, तेव्हा तुम्ही माझ्यासाठी केवढे भांडलात. मग सासूबाईंना मी आवडायला लागले. अहो, त्या दिवसानंतर तुम्ही माझ्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही.”