चालू मशीन खोलणारे नाना

रविवारी सकाळी जळगावात आमच्या मेहरूणमधली माणसं गाडी धुतात, कटिंगला जातात, नाहीतर भरताची वांगी आणायला पिशवी घेऊन निघतात. शेजारचे भीमराव नाना चांगलं चालणारं वायफाय मोडतात आणि पुन्हा जोडतात.

मोडतात म्हणजे हातोडीनं नव्हे. त्यांच्या जुनाट कॉम्प्युटरमागे अंगठ्याएवढं वायफायचं डोंगल आहे. कॉम्प्युटर इतका वयस्कर की डोंगल नुसतं खोचलं तर त्याला ओळखतच नाही. आधी ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम भरवावा लागतो. नाना तोच काढून टाकतात. पडद्यावर पिवळं उद्गारचिन्ह आलं की समाधानानं चष्मा पुसतात, पेन ड्राइव्ह लावतात आणि वही उघडून पहिल्या पायरीपासून सुरुवात करतात.

"नाना, चालतंय ना? मग कशाला हात लावता?"

"सर, चालू शे तवयच खोलानं. बंद पडी गयं, मंग घाबरेल माणूस काय शिकी?"

नाना तीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. तिथं धडधाकट गाडीसुद्धा ठरल्या दिवशी आत घेऊन तपासायची रीत. नाना निवृत्त झाले, रीत झाली नाही. काकूंनी मिक्सर कपाटात कुलूप लावून ठेवलाय.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, ही गोष्ट नानांच्या कानावर जायला नको होती. ड्रायव्हर नेटवर मिळतो आणि ड्रायव्हरशिवाय नेट लागत नाही, त्यामुळे पहिल्यांदा तो मीच माझ्या मोबाइलवर उतरवून दिला. तेव्हापासून माझे रविवार गेले. एकदा चुकून मी नव्या, चौसष्ट बिटच्या कॉम्प्युटरसाठीचा ड्रायव्हर आणला, तर नाना म्हणाले, "हाऊ चौसष्टवाला. आपली गाडी बत्तीसनी शे." माझे विद्यार्थी इतकं लक्ष देत नाहीत.

शेवटी एका रविवारी मी चिडून म्हणालो, "नाना, दुसरा काही उद्योग नाही का?"

तेव्हा कळलं. धुळ्याला त्यांची थोरली बहीण, अक्का, एकटीच राहते. काही वर्षांपूर्वी तिचे दोन्ही कान पार गेले. कानाच्या यंत्राचाही उपयोग नाही, अगदी ओरडलं तरच थोडं कळतं. मोबाइलवरची अक्षरं तिला दिसत नाहीत. म्हणून नानांनी अगदी आपल्यासारखाच जुना कॉम्प्युटर तिला घेऊन दिला आणि अक्षरं वाटाण्याएवढी केली. नेट समोरच्या सलमाभाभींचं, गल्ली ओलांडून येणारं, त्यामुळे तिकडेही डोंगल. रोज संध्याकाळी सातला भाऊबहीण टाइप करून बोलतात. ते बंद पडलं तर दुरुस्त करणार नानाच, म्हणून ही तालीम.

"अहो, मग भेटायलाच जात जा. धुळं काय लांब आहे?"

नानांनी माऊस पुसायला घेतला.

"समोर बसं का वरडनं पडस. गल्ली गोया व्हस. अक्कानी माले लहानाना मोठा करा, सर. तिन्हावर कसा वरडू?"

मी वही उघडून त्यांना पुढची पायरी वाचून दाखवली.

दिवाळीनंतर एके दिवशी सात वाजले, साडेसात वाजले, अक्का पडद्यावर आल्या नाहीत. नानांनी सलमाभाभींना फोन लावला. अक्का ठणठणीत होत्या. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून कुणीतरी हौसेनं तो साफ करून दिला होता, ड्रायव्हरसकट.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही सकाळच्या बसनं धुळ्याला गेलो. नानांनी चहालाही नको म्हटलं. वही न उघडता, आरती म्हणावी तशा सगळ्या पायऱ्या त्यांनी तोंडपाठ पार पाडल्या. शेवटी पिवळं उद्गारचिन्ह. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वही उघडून, एकेक ओळीवर बोट ठेवत केलं, तरी तेच.

"काय व्हयनं रे?" शेजारी बसलेल्या अक्कांनी विचारलं.

नानांनी पडद्यावरच्या पिवळ्या चिन्हाकडे बोट दाखवलं.

मी डोंगल काढून उजेडात धरलं. रंग तोच, कंपनी तीच, पण लेबलवर शेवटी मुंगीएवढा दोनचा आकडा होता. नानांच्या डोंगलवर तो नव्हता. वरून जुळी, आतला माल वेगळा.

"बॉडी तीच, इंजिन दुसरं," नाना पुटपुटले. इतके रविवार ते भलत्याच इंजिनावर हात बसवत होते. त्यांचा चेहरा इतका पडला की मला माझ्या चिडण्याची लाज वाटली.

"मी याचा ड्रायव्हर मोबाइलवर उतरवतो, दहा मिनिटांत होईल," मी म्हणालो.

पण नानांनी खिशातून स्वतःचं डोंगल काढलं होतं. "मन्हं तिले ऱ्हाऊ दे. ते वळखीनं शे. नवं मी शिकी लिसू." दोन मिनिटांत नेट लागलं.

अक्कांनी लगेच कीबोर्ड ओढला आणि हातभर अंतरावर बसलेल्या भावाला टाइप केलं, "जेवना का?"

निरोप जळगावला नानांच्या बंद कॉम्प्युटरकडे गेला. नानांनी कीबोर्ड आपल्या मांडीवर घेतला आणि खाली लिहिलं, "नही."

"वायना दिसस," वाळलेल्या भावाला अक्कांनी लिहिलं.

"तू बी."

मग कीबोर्ड या मांडीवरून त्या मांडीवर जात राहिला. मध्ये अक्कांनी उठून भाकरी टाकल्या, आम्ही जेवलो, आणि दोघं पुन्हा बसले. कुणी ओरडलं नाही, गल्ली गोळा झाली नाही. मधूनच अक्का हसायच्या.

चारला मी बसची खूण केली. नाना उठायला लागले. अक्कांनी ते पाहिलं आणि घाईघाईनं टाइप केलं, "सरस्ले जाऊ दे. तू ऱ्हाय."

नाना त्या वाटाण्याएवढ्या अक्षरांकडे बघत राहिले. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं, "ऱ्हासू."

खरं सांगायचं तर मला थोडा हेवा वाटला. मी चपला घातल्या, निघतो म्हणालो. अक्कांना ते ऐकू आलं नाही, आणि नानांनाही नाही.