टाकीतले जावईबापू

मला घर लावता येतं. हे मी सांगत नाही, लोक सांगतात! धंदाच माझा सजावटीचा. कुणाच्याही हॉलमध्ये पाऊल टाकलं की मला लगेच कळतं: कपाट चुकलंय, दिवा चुकलाय आणि पडद्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यामुळे परगावी निघताना बायको मला दारात म्हणाली, "फक्त खायला घाल, बाकी कशालाही हात लावू नकोस," तेव्हा मला हसूच आलं. लोक मला हात लावायला बोलावतात हो!

बायको दातांची डॉक्टर. पण तिचा जीव आहे तो हॉलमधल्या काचेच्या टाकीत. टाकीत समुद्रासारखं खारं पाणी आणि त्यात प्रवाळं. दिसायला फुलं, बसायला दगडावर, आणि निघतात चक्क प्राणी! तिने त्यांना टोपणनावंही दिली आहेत. लांब लांब हिरवी बोटं हलवते ती मशाल. लालभडक, वळ्यावळ्यांचा तो मेंदू. आणि जाड टोपी घालून बसलेली ती छत्री.

आता या टाकीवर काय अवलंबून होतं ते ऐका. गावात प्रवाळं पाळणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्याच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. त्यांच्याकडे एक जांभळं प्रवाळ आहे, ते इथे दुसऱ्या कुणाकडे नाही. लावली की वाढते अशी त्याची फांदी त्या सहजासहजी कुणालाही देत नाहीत. आधी टाकी स्वतः येऊन बघतात, आणि नापसंत पडली तर पुन्हा त्या घरची पायरी चढत नाहीत. बायको त्या फांदीसाठी कित्येक वर्षं झुरत होती. मोठ्या बाई रविवारी संध्याकाळी यायच्या होत्या, आणि नेमकी त्याच्या आदल्या दिवशी बायकोची दंतवैद्यांची परिषद! ती रविवारी दुपारी परतणार होती. तोवर टाकी माझ्या आणि सासूबाईंच्या ताब्यात. सासूबाई आमच्याकडेच राहतात.

शनिवारी सकाळी मी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसलो आणि माझं डोकंच फिरलं. काय ती मांडणी! लालभडक मेंदू खाली वाळूत, सावलीत. म्हणजे घरातली सगळ्यात देखणी वस्तू जिन्याखाली! छत्री पार मागच्या कोपऱ्यात. आणि मशालीच्या चारी बाजूंना मोकळी जागा, जणू काय तिची कुणाशी उठबसच नाही.

"आई, हे सगळं चुकलंय," मी म्हणालो.

"तिने हात लावू नका म्हणून सांगितलंय ना?" सासूबाई म्हणाल्या. पण लगेच चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या. "तसा तो लाल मात्र वर हवा होता."

"बघा! तुम्हालाही कळलं!"

"आणि ती हिरवी बिचारी एकटी पडली आहे हो. कुणाच्या तरी शेजारी ठेवा तिला."

म्हणजे हे एकमताने ठरलं, हे कृपया लक्षात असू द्या.

मी बाह्या सरसावून दंडापर्यंत हात टाकीत घातला. मेंदू उचलला आणि थेट वर, दिव्याखाली, सगळ्यात उंच दगडावर! मशाल आणून छत्रीला खेटून बसवली. हिरव्याला मातकट रंग, झकास! पण मशाल तिथे ठरेना. एकसारखी कलंडायची. बायकोच्या खणात प्रवाळं चिकटवायचा गोंद होता, पाण्यातही धरणारा. मी तो मशालीच्या बुडाला फासला, ती दगडावर दाबून धरली, मनातल्या मनात शंभर आकडे मोजले आणि हात काढला.

हात निघेना!

अंगठा आणि दोन बोटं, मशालीच्या बुडासकट, दगडाला घट्ट. मी ओढलं, पिळलं, विनवलं. काही उपयोग नाही! गोंद खरंच चांगला होता. आणि तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंनी उचलला.

"हो गं, सगळं छान आहे. जावईबापू ना? आहेत की. टाकीतच आहेत."

मी दुसऱ्या हाताने जिवाच्या आकांताने खुणा केल्या.

"टाकीत म्हणजे... टाकीपाशी! अगं, किती प्रेमाने करतायत! काय? फोन देऊ? नको नको, हात गुंतलाय त्यांचा. कशात म्हणजे? कामात!"

फोन ठेवून त्या माझ्याकडे आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आता काय, रविवारपर्यंत असेच उभे राहणार आहात?"

"आई, काहीतरी करा हो!"

दातांच्या डॉक्टरच्या घरात कसली वाण असेल, पण दात साफ करायच्या दोऱ्याची नसते. सासूबाईंनी हातभर दोरा काढला, माझ्या बोटाच्या आणि दगडाच्या मधे सरकवला आणि करवतीसारखा ओढायला सुरुवात केली. मी "आई गं!" म्हणून ओरडलो की त्या "ओ" द्यायच्या. शेवटी बोटं सुटली. थोडी कातडी तिथेच राहिली, पण मशाल मात्र जागची हलली नाही. संध्याकाळी आम्ही दोघं दिवे मालवून टाकीचा उजेड बघत बसलो. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी टाकीचा फोटोही काढला.

रविवारी सकाळी उठून बघतो तर टाकीत शोककळा! छत्रीने टोपी मिटून घेतली होती आणि अंगावर मेणासारखा पांढुरका पापुद्रा आला होता. मेंदू आक्रसून फिका पडला होता. आणि मशाल? ती बाईसाहेब बोटं दुप्पट लांब करून शेजारणीला टोचत बसली होती! तिच्याभोवती मोकळी जागा का होती ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. हिची खरंच कुणाशी उठबस नव्हती.

मशाल उपटावी तर गोंद सोडेना. मग वाटलं, भूक लागली असेल. खाल्लं की सगळ्यांनाच बरं वाटतं!

खायला घालायची रीत बायकोने शिकवली होती. पाणी फिरवणारा पंप बंद करायचा, म्हणजे खाणं वाहून जात नाही. मग लांब नळीच्या पिचकारीने एकेकाच्या तोंडाशी थेंबभर सोडायचं, जरा वेळ थांबायचं आणि पंप सुरू करायचा. मी मेंदूला भरवलं. कपारीतून टाकीतली कोळंबी आली, मेंदूच्या तोंडावर उभी राहिली आणि घास काढून घेऊन गेली. पुन्हा भरवलं. पुन्हा आली! "अगं ए, सोड ते!" मी काचेवर टकटक करत राहिलो. आधी कोळंबीला घाल, मग मेंदूला घाल, असं करता करता अख्खी बाटली संपली.

"आणखी घालताय?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"आणखी म्हणजे?"

"मी मघाशीच घातलं की. तोंडं एवढीशी झाली होती हो त्यांची. पोटभर घातलं."

"किती?"

"डबा होता तेवढं."

पाणी हळूहळू पांढरं होत गेलं. आधी मेंदू दिसेनासा झाला, मग छत्री, मग टाकीमागची भिंत. आणि तेव्हा मला आठवलं की पंप बंदच आहे! मी धावत जाऊन बटण दाबलं. टाकीच्या खालच्या कपाटात पाण्यातली घाण फेसासकट काढणारं एक यंत्र आहे. इतकं काम त्याने जन्मात बघितलं नव्हतं. ते खदखदलं, फसफसलं आणि कपाटाचं दार ढकलून फेस हॉलमध्ये आला. मी उशी लावली, सासूबाईंनी माझा शर्ट लावला. फेस चढतच होता, आणि त्यात दारात किल्ली फिरली.

बायको आत आली. तिने फेस पाहिला, माझी बोटं पाहिली, टाकी पाहिली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं! ती बॅग तशीच टाकून टाकीसमोर खाली बसली आणि तिचे डोळे भरून आले. "संध्याकाळी त्या येणार आहेत रे," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ती उठली, केस बांधले आणि एकदम दवाखान्यात असल्यासारखी बोलायला लागली. "चिमटा. पक्कड. बादली धर. आई, मीठ कालव. तू बोलू नकोस." मी बोललो नाही. अर्धं पाणी उपसलं, नवं भरलं. गोंद लागलेला दगडच तिने कट्कन फोडून मशाल मोकळी केली. मेंदू सावलीत गेला, छत्री कोपऱ्यात गेली. सगळी मांडणी पुन्हा जिथल्या तिथे. मध्येच फेसावरून घसरून मी बादलीत बसलो, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. इतकी हसली की तिलाही बसावं लागलं. त्या क्षणी मी जगातला सगळ्यात सुखी ओला माणूस होतो.

पण मोठ्या बाई आल्या तेव्हाही पाणी गढूळच होतं आणि एकही प्रवाळ तोंड उघडायला तयार नव्हतं. बाई उंच, गंभीर. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं आणि टाकी न्याहाळली. मग वळून विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," बायको म्हणाली.

मी पुढे झालो. "खोटं! मी केलं! मांडणी मीच बदलली!"

"आणि पोटभर मी घातलं," सासूबाई हात वर करून म्हणाल्या.

बाईंनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "सगळं सांगा," त्या म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. दोऱ्यापाशी येईपर्यंत त्यांचा चेहरा तसाच होता. कोळंबीपाशी ओठ हलले. शर्टापाशी त्यांनी भिंग बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी पोट धरलं!

"अहो, मेलेलं काही नाही यातलं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "रुसलेत फक्त. छत्री कात टाकतेय, आठवड्याभरात उघडेल. मेंदूला सावलीत राहू द्या." मग त्यांनी पिशवीतून एक बरणी काढली. आत इवलीशी जांभळी फांदी! ती त्यांनी बायकोच्या हातात ठेवली.

बायकोने एकदा फांदीकडे, एकदा टाकीकडे पाहिलं. "पण... टाकीची ही अवस्था बघूनही?"

"अवस्था बघूनच! माझं प्रवाळ नाजूक आहे, म्हणून मी पक्की टाकी शोधत असते. जी टाकी तुमच्या नवऱ्याला पुरून उरली, तिला आता कसलं भय?"

बायको फांदी घेऊन हॉलभर नाचली. सासूबाई नाचल्या. मीही नाचलो, टाकीपासून जरा लांबच. काही म्हणा, फांदी शेवटी माझ्यामुळेच मिळाली!

पण गोष्ट मंडळात पोचली हो. आता दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा बायकोला फोन येतो. आवाज अगदी अदबीचा: "आमची टाकी पक्की आहे का, ते बघायचं होतं. तुमच्या यजमानांना एक दिवस पाठवाल का?"

बायको लगेच हो म्हणते. वर विचारते, "आईला पण पाठवू?"