शेजारच्या सीटवरचा ब्रेक

आपल्या गाडीत बसलेला विद्यार्थी आजवर एकदाही घाबरलेला नाही, असं मास्तर छातीठोकपणे सांगत असे. ते खरंच होतं. घाबरण्याचं सगळं काम त्याने स्वतःकडे ठेवलं होतं.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारा मास्तर. तसं म्हणावं असं त्याचं वय नव्हतं. मिशीसुद्धा अजून उमेदवारीच करत होती. पण ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लागली आणि गल्लीने त्याला ही पदवी देऊन टाकली. स्कूल म्हणजे एक जुनी छोटी गाडी. तिच्यात ब्रेक आणि क्लच दोन-दोन होते: एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी शेजारी बसणाऱ्या मास्तरच्या पायाशी.

ही दुसरी जोडी हेच आपल्या धंद्याचं भांडवल आहे, असं मास्तरचं ठाम मत होतं. तो स्वतः ज्या गुरुजींकडे शिकला, ते प्रत्येक चुकीला गुंडाळलेलं वर्तमानपत्र डोक्यात घालत. त्यामुळे त्याला गाडी उत्तम आली, पण अजूनही शेजारी कुणी पेपर उघडला की तो मान आत ओढून घेई. आपल्या विद्यार्थ्यांचं असं होता कामा नये. आत्मविश्वास आधी, गाडी मागाहून. स्फूर्ती देणारी भाषणं तो रोज दात घासताना ऐकत असे, आणि तोंडाला फेस आलेला असतानाच त्याला हे थोर विचार सुचत.

पद्धत सोपी होती. विद्यार्थ्याचा पाय ब्रेककडे वळला की मास्तरने आपला ब्रेक दाबायचा. इतका अलगद, की शेजारच्याला पत्ता लागू नये. त्यासाठी तो पातळ चप्पल आणि तंबूसारखी ढगळ पँट घाली. क्लचही तोच सांभाळी, म्हणून गाडी कधी गचके देऊन बंद पडली नाही. गाडी थांबली की तो शांतपणे म्हणे, “वा. काय थांबवलीत.” विद्यार्थी गाडीतून उतरताना चार बोटं उंच होऊन उतरत.

त्याची पहिली विद्यार्थिनी त्याची सख्खी ताई. ताई घरी केक करून विकायची. एका हॉटेलने रोज पहाटे केक मागितले होते, पण पोचवायचे तिने स्वतः, वेळेवर. आजवर कुठेही जायचं तर भावोजी तिला सोडत. आता त्यांना रात्रपाळी लागली होती आणि पहाटे घरी आले की ते पोत्यासारखे झोपत. हॉटेलवाला महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. थोडक्यात, ताईला लायसन्स मिळालं तर धंदा उभा राहणार, नाही तर शेजाऱ्यांच्या वाढदिवसांची वाट बघत बसायचं.

“ताई, तू तयार आहेस,” मास्तर एके दिवशी म्हणाला.

“नक्की?”

“तुझ्याइतकी अलगद गाडी थांबवणारं माणूस मी पाहिलेलं नाही.”

यात खोटं काहीच नव्हतं. तो आरशात स्वतःला फारसा पाहत नसे, एवढंच.

परीक्षेच्या मैदानावर परीक्षकसाहेब आले. मास्तर सवयीने शेजारच्या सीटवर बसू लागला.

“तुम्ही कुठे?” साहेबांनी विचारलं.

“इथे. मी नेहमी इथेच बसतो.”

“परीक्षा तुमची आहे का? मागे बसा.”

मास्तर मागे बसला. साहेब पुढे बसले, आणि पायाशी आलेल्या ब्रेक-क्लचकडे नको असलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसं बघून त्यांनी दोन्ही पाय मागे ओढून घेतले. मागे मास्तरने पायाने चाचपून पाहिलं, तर खाली नुसती रबरी चटई.

“चला बाई. घ्या पुढे.”

गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

“अरे, गाडीला काय झालंय?” ताई मागे वळून म्हणाली. “असं कधीच करत नाही ती.”

“थंडी असेल,” मास्तर म्हणाला. ऊन रणरणत होतं.

आणखी दोन उड्या मारून गाडी निघाली, आणि निघाली ती चांगलीच निघाली. समोर पांढरी रेघ आली. “रेघेवर थांबवा,” साहेब म्हणाले. ताईने नेहमीसारखा ब्रेकवर फुलासारखा पाय ठेवला. आजवर तेवढ्यावर गाडी थांबत आली होती. आज रेघ आली, गाडीखालून गेली आणि मागच्या काचेत दिसू लागली.

“बाई, थांबवा.”

“थांबवलीये की,” ताई अत्यंत आत्मविश्वासाने म्हणाली.

मैदान संपलं. समोर कार्यालयाची भिंत आणि भिंतीशी ओळीने कुंड्या. मास्तरचं डोकं बंद पडलं, पण पाय शाबूत होते. ते आपल्या सवयीने पुढे गेले आणि समोर सापडली त्या वस्तूवर सगळा जोर लावून दाबले गेले. ती वस्तू म्हणजे साहेबांच्या सीटची पाठ. सीटची खिट्टी जुनी. सीट साहेबांसकट पुढे सरकली, साहेबांची हनुवटी गुडघ्यांना भेटली आणि घडी झालेल्या साहेबांचे दोन्ही बूट नेमके ब्रेकवर जाऊन बसले.

गाडी पहिल्या कुंडीला टेकून थांबली. कुंडीतलं एक पान विचार करून खाली पडलं.

“बघा,” ताई म्हणाली. “थांबली ना?”

साहेब घडीतून हळूहळू उलगडले. त्यांनी नापास लिहिलं, आणि पेन इतका दाबला की ते खालच्या कागदावरही उमटलं. त्यामुळे तिच्यानंतरचा एक सभ्य माणूस नापास होता होता वाचला.

बाहेर झाडाखालच्या बाकावर ताई तावातावाने म्हणाली, “गाडी दुरुस्त करून आण. मी चांगली चालवते. बिघडलेल्या गाडीपायी माझं हॉटेल जायला नको.”

गाडी खरोखर बिघडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरला वाटलं. हो म्हटलं की सुटला असता. पण ही उद्या याच आत्मविश्वासाने रस्त्यावर जाईल, आणि तिथे शेजारी साहेबही नसतील. त्याने चपलेने माती उकरली.

“गाडी ठीक आहे, ताई. तू ब्रेक कधी दाबलाच नाहीस. मी दाबायचो.”

“म्हणजे त्या उतारावर?”

“मी.”

“चौकात, ट्रकमागे?”

“मीच.”

ताई हळू आवाजात म्हणाली, “आणि तो कुत्रा आडवा आला होता, तेव्हा?”

मास्तरने आपली पातळ चप्पल बाकाखाली सरकवली.

“तो कुत्रा मी वाचवला असं मी घरभर सांगितलंय. सासूबाईंनी फोन करून त्यांच्या माहेरी कळवलंय.”

“तुला वाईट वाटू नये म्हणून...”

“तू मला शिकवत होतास, की मला बसवून गाडी चालवत होतास?”

मास्तरने ऐकलेली सगळी भाषणं आठवून पाहिली. त्यांत हे कुठेच नव्हतं. तिथे पडणाऱ्या माणसाने उठायचं कसं ते सांगत, पण पडूच न दिलेल्या माणसाबद्दल कुणी बोलत नसे.

“माझा पहिला केक तूच खाल्लास,” ताई म्हणाली. “काय म्हणाला होतास?”

“विटेला क्रीम लावलंय.”

“रडले होते मी. दुसऱ्या दिवशी ओव्हनसमोरून हलले नाही. छान म्हणाला असतास, तर आजही विटाच विकत असते.” तिने पर्स उचलली. “चल. आजपासून पाय वर घेऊन बसायचं.”

तेव्हापासून लोकांना एक विलक्षण दृश्य दिसू लागलं. ओसाड मैदानात एक गाडी उड्या मारत चालली आहे, आणि तिच्यात मास्तर सीटवर मांडी घालून, डोळे मिटून, पट्टा बांधून बसला आहे. मास्तरने संन्यास घेतला, अशी बातमी पसरली. गाडी बंद पडे, ताई स्वतःवर चिडे, पुन्हा सुरू करे. ती ब्रेक दाबी आणि मास्तर नमस्कार घातल्यासारखा पुढे वाके. “वा” म्हणायची त्याला चोरी झाली होती. मांडी घालून बसणं सोपं होतं. तोंड मिटून बसणं जड गेलं.

बाकीच्या विद्यार्थ्यांनाही त्याने एकेकाला बोलावून खरं सांगितलं. काहींनी शाळा सोडली. एकाने ठामपणे सांगितलं की बाकीच्यांचं ठीक आहे, पण आपण मात्र स्वतःच थांबवत होतो. त्याला मास्तरने मैदानावर नेलं, मांडी घातली आणि दहा पावलांत त्याचं मतपरिवर्तन झालं.

महिना संपायच्या आत ताई पुन्हा परीक्षेला बसली. या खेपेला साहेबांनी मास्तरला गाडीबाहेरच उभं केलं. रेघ आली आणि गाडी रेघेवर थांबली. जरा जोरात थांबली, पण थांबली ताईच्या पायाने.

हॉटेलच्या पहिल्या पहाटे मास्तर तिच्या दारात उभा होता. पाळीवरून नुकतेच आलेले भावोजी जांभया देत शेजारी उभे. ताईने मोठा तीन मजली केक मागच्या सीटवर ठेवला आणि एकटी निघाली. गाडी कोपऱ्यावर पोचली तशी मास्तरने श्वास रोखला. मागचे लाल दिवे लागले. गाडी जागच्या जागी थांबली, मग वळून दिसेनाशी झाली.

“पाय उचल,” भावोजी म्हणाले. “माझ्या अंगठ्यावर आहे.”

तेवढ्यात फोन वाजला.

“पाहिलंस?” ताई म्हणाली. “कोपऱ्यावर मांजर होतं. मी वाचवलं. मीच.”

“पाहिलं. एकदम थांबवलीस.”

“हो. गाडी थांबली.” पलीकडे काहीतरी पुसल्याचा आवाज आला. “केक नाही थांबला.”

“कुठे आहे?”

“बराचसा काचेवर.”

“मी येऊ?”

“काही नको. हॉटेलला उशीर होईल म्हणून कळवलंय, घरी येऊन दुसरा करते. ही चूक माझी आहे. तू मधे पाय घालू नकोस.”

फोन ठेवून मास्तर भावोजींकडे वळला आणि सवयीने म्हणाला, “वा. काय थांबवली.”

भावोजी अंगठा चोळत ओव्हन लावायला आत गेले.