वांगी रंगाचा कोट

"फक्त मोजे आणायचेत. आईंसाठी, लोकरीचे. दुसरं काही बघत बसू नका," असं बायकोने बजावलं, तेव्हाच मुख्याध्यापकांचं तोंड उतरलं. रविवार होता, बाहेर बोचरी थंडी होती आणि त्यांना दिवसभर पांघरुणात लोळायचं होतं. पण शाळेत ज्यांच्या खाकरण्याने वर्ग चिडीचूप होत, त्यांना घरात कुत्रं विचारत नव्हतं. निघाले बिचारे.

दुकानात मोजे लगेच मिळाले. तेवढ्यात समोर टांगलेला वांगी रंगाचा जाडजूड कोट त्यांच्या नजरेत भरला. घालून बघायला काय जातं? त्यांनी तो अंगात चढवला, चेन थेट हनुवटीपर्यंत ओढली आणि आरशासमोर छाती पुढे काढून उभे राहिले.

"काका, हा लेडीज आहे," मागून विक्रेती म्हणाली.

उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला होता. स्वतःची चूक झाली तर काय म्हणतात, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"ठाऊक आहे मला. बायकोसाठीच बघतोय. आमचं माप एकच आहे."

बायको त्यांच्या निम्मी होती. विक्रेतीने ओठ दाबून मान हलवली. मुख्याध्यापकांनी ऐटीत चेन खाली ओढली. ती हलली नाही. अस्तर तिच्या दातांत घट्ट सापडलं होतं.

"अडकली का? मी बघू?"

"छे! थंडी आहे म्हणून राहू दिलीय. असाच घालून जातो. बिल करा."

या घाईत मोजे काउंटरवरच राहिले.

दार उघडून बायको बघतच राहिली. "अहो, हे काय?"

"तुझ्यासाठी आणलाय."

बायकोला गहिवरून आलं. लग्नापासून या माणसाने स्वतःहून तिच्यासाठी साधा रुमाल आणला नव्हता. "अगंबाई! काढा ना, घालून बघते."

"आत्ता नको. मला... जरा थंडी वाजतेय."

"आणि माझे मोजे?" आतून मातोश्रींचा आवाज आला. मोजे विसरलो म्हणण्यापेक्षा आजारी पडणं सोपं होतं. मुख्याध्यापक कण्हत पलंगावर आडवे झाले.

मग बायकोची माया उफाळून आली. तिने हीटर पलंगाशी आणून ठेवला, कोटावर दोन रजया घातल्या आणि आल्याचा कढत चहा समोर उभं राहून संपवायला लावला. मुख्याध्यापकांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. रजईखाली ते दोन्ही हातांनी चेनशी झटत होते.

"आई, बघा ना, हे कसे थरथरतायत!" असं म्हणत बायको धावतच खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टरांनी आल्या आल्या थर्मामीटर तोंडात कोंबला. चहा नुकताच पोटात गेला होता. पारा बघून डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

"बराच ताप आहे. इंजेक्शन देऊ. कोट काढा."

"नको!" मुख्याध्यापकांनी कॉलर गच्च धरली.

"बरं, राहू द्या. कमरेत देतो. पालथे व्हा."

सुई बघितली आणि मुख्याध्यापकांचा धीर सुटला. ते ताडकन उठून बसले. "मला काही झालेलं नाही! चेन अडकलीय! मी बायकांचा कोट घातला, मला कळलंच नाही. मोजे दुकानात विसरलो. तुझ्यासाठी आणला म्हणालो, तेही खोटं होतं. चूक माझी आहे. सगळी चूक माझी आहे!"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. "असं बोलतात का हे एरवी?"

"चूक झाली म्हणून?" बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. "हे? जन्मात नाही!"

मातोश्रींनी दारातूनच डोळ्यांना पदर लावला. "लहानपणी गोवर आला होता, तेव्हासुद्धा कधी असं बरळला नव्हता हो."

"ताप डोक्यात गेलाय," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी बॅगेतून मोठी सुई काढली. "वहिनी, पाय धरा. आई, तुम्ही हात धरा."