कपटकेतूच्या भुवया

"चेहरा कुणाचाही चोर, शाल्मली अक्का, पण भुवया तेवढ्या ज्याच्या त्याला परत करून ये, माणूस त्यांवरूनच ओळखू येतो!"

कार्टून स्टुडिओचे मालक हयवदनराव हे म्हणाले, तेव्हा शाल्मलीनं ते हसण्यावारी नेलं. "असा राक्षस काढते सर, की बघणारा जन्मात विसरणार नाही!"

बढाई मारणं सोपं होतं. सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली होती. कपटकेतू नावाचा खलनायक सोमवारी पसंत पडला तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसून भेंड्या चिरायच्या!

तिनं शिंगं काढली, सुळे काढले. अकरा राक्षस झाले. तीन वर्षांच्या लेकीनं, गुंडूनं, अकराही जणांना बिस्किट भरवलं!

मग एके सकाळी घरमालक कृष्णमूर्ती अण्णांनी तिचा गळका नळ पाहिला. नुसती डावी भुवई पालीसारखी सरसर कपाळावर चढली. उजवी जागची हलली नाही. शाल्मली दोन पावलं मागे सरली आणि तिच्या डोक्यात दिवा पेटला. सुळे हवेत कशाला? आपलंच खरं असं ज्याला मनापासून वाटतं, तोच पक्का खलनायक!

अण्णांच्या चेहऱ्याचा, भुवईसकट, बारावा कपटकेतू बघताच गुंडू पलंगाखाली. पास! शाल्मलीनं तो सुपाएवढ्या पुठ्ठ्यावर रंगवला आणि व्हरांड्यात वाळत ठेवला.

सोमवारी गुंडूचं अंग कोमट लागलं. थर्मामीटर म्हणालं नव्व्याण्णव. शाल्मलीनं ऐकलं न्यूमोनिया! तिनं शेजारून स्टुडिओत फोन केला. हयवदनराव म्हणाले, "सरी, मीच येतो घरी. दहाला."

आता 'सरी' म्हणजे 'बरं, ठीक'. कन्नड मुलखातल्या दोन वर्षांत शाल्मलीला कन्नड एवढंच आलं होतं. दूधवाला काही म्हणाला, सरी. रिक्षावाला ओरडला, सरी. त्यापायी एकदा तिनं साडेतीन किलो वांगी घरी आणली होती! तरी शहाणी झाली नाही.

साडेनऊला अण्णा दारात आले. "अम्मा, ई गोंबे तगोळ्ला?"

थर्मामीटर गुंडूच्या तोंडात, शाल्मलीचे डोळे पाऱ्यावर. "सरी अण्णा, सरी सरी!"

पारा खाली आला. शाल्मली व्हरांड्यात आली. पुठ्ठा गायब! बाहेर हा गलका!

अण्णा वरचा मजला बांधत होते. बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून तिकडं राक्षसाचं तोंड टांगतात. त्याला म्हणतात दृष्टी गोंबे, दृष्टीची बाहुली. अण्णांना वाटलं, पोरीनं आपल्यासाठीच काढलंय, 'ही बाहुली घेऊ का?' विचारलं तर 'सरी'ही म्हणाली! वर बांबूला कपटकेतू, डावी भुवई कपाळात. खाली अण्णा, "स्वल्प मेले, स्वल्प मेले!" म्हणजे 'जरा वर, जरा वर!' करत गवंड्यांना हात उंचावून सांगतायत, डावी भुवई कपाळात!

अख्खी गल्ली वर बघे, खाली बघे, पुन्हा वर बघे. गवंडी विटांकडे तोंड करून खांदे हलवत होते. अण्णांच्या बायकोनं, कृष्णवेणी अक्कांनी, तोंडात पदर कोंबला होता. नोकरी गेली, आता घरही! शाल्मलीनं मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली.

तेवढ्यात हयवदनराव आले. "घर शोधावंच लागलं नाही गं! कोपऱ्यावरून राक्षस दिसला, आणि खाली त्याचा मूळ धनी."

"सर, भुवया परत करायच्या राहिल्या हो!" शाल्मली रडकुंडीला आली.

अण्णा वळले. वर बोट दाखवून गंभीरपणे कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. कृष्णवेणी अक्का मटकन विटांवर बसल्या.

"क-काय म्हणाले?"

हयवदनरावांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "म्हणतायत, पोरीचा हात भारी आहे. हुबेहूब आमचा मेहुणा उतरवलाय!"

नोकरी कायम झाली. पुठ्ठा मात्र अण्णांनी सोडला नाही. त्यांच्या मते गुंडूचा ताप त्यानंच उतरवला. कपटकेतू शाल्मलीला पुन्हा काढावा लागला. समोर नमुना होताच!

शाल्मली आता के. आर. पुरमला राहते. पाच खलनायक झालेत, सगळ्यांच्या भुवया जिथल्या तिथं परत. पण त्या गल्लीत जायचा धीर तिला अजून होत नाही. तेव्हा तुमचं कधी जयनगरला जाणं झालं, तर अण्णांना तेवढं भेटून या ना! तब्येत विचारा, गुंडूचा नमस्कार सांगा. आणि निघता निघता हळूच बघून या, घरात मोठा आरसा तर आणलेला नाही ना?