मागची शीट

सोपानभाऊ कुठल्याही शोरूममध्ये गेले की नव्या गाडीचा पुढचा दरवाजा उघडतच नाहीत. थेट मागे जाऊन बसतात, तेही चपला बाहेर काढून. मग काच खाली करतात आणि ती कुठवर जाते ते बघतात. पार आत गेली तर मान बाहेर काढून दोन मिनिटं डोळे मिटून बसून राहतात. अर्ध्यावर अडकली तर उतरतात, चपला घालतात आणि सगळ्या शोरूमला ऐकू जाईल असं सांगतात, "न्हाई. ही बापाची गाडी न्हाई."

झालं, संपला विषय. मग विकणारा पोरगा मायलेज सांगो नाहीतर गाडीतला मोठा पडदा लावून दाखवो. पडद्याला भाऊ 'टीव्ही' म्हणतात. "ह्याच्यावर बातम्या लागत्यात का? न्हाई ना? मग बंद कर."

हे गृहस्थ माझे शेजारी. कार्ल्यात आमच्या दोघांच्या घरांची मधली भिंत एकच आहे, त्यामुळं त्यांच्याकडची भांडणं आम्हाला मूळ आवाजात ऐकू येतात. मी लोणावळ्याच्या एका शाळेत क्लार्क. भाऊंनी खंडाळ्याच्या एका बंगल्यावर चाळीस वर्षं ड्रायव्हरकी केली, शेठच्या एकामागून एक गाड्या चालवून म्हाताऱ्या केल्या. स्वतःची म्हणाल तर एक सायकल, आणि तीही बायकोच्या, म्हणजे हिरावहिनींच्या, भावानं दिलेली. पण आमच्या भागात कुठल्याही बापाला गाडी घ्यायची झाली की तो आधी भाऊंच्या ओट्यावर येतो. भाऊ 'व्हय' म्हणाले तरच घेतो.

आणि भाऊ 'व्हय' म्हणत नाहीत, हीच तर पंचाईत आहे.

माझं स्वतःचं एक मत आहे. चाळीस वर्षं माणूस 'हो शेठ, हो शेठ' करत राहिला, तेवढ्या काळात पोटात राहिलेले सगळे 'न्हाई' तो आता बाहेर काढतोय. निवृत्त झाल्या दिवसापासून भाऊ कुणाचं ऐकत नाहीत. डॉक्टरनं चाला म्हटलं की बसतात, वहिनींनी बसा म्हटलं की चालायला जातात. ग्रामसभेत ठराव वाचायच्या आधीच त्यांचा हात विरोधात वर असतो.

गाड्यांच्या त्यांनी जाती पाडल्यात. पुढाऱ्याची गाडी, नवरदेवाची गाडी, मेव्हण्याला दाखवायची गाडी आणि बापाची गाडी. छपराला खिडकी असलेली गाडी त्यांच्या लेखी गाडीच नाही. शनिवार-रविवारी आमच्या रस्त्यावर त्या खिडकीतून मुंडकी बाहेर काढून ओरडत जाणारे पर्यटक त्यांनी इतके पाहिलेत की त्या प्रकाराला ते 'टपाचं भोक' असंच म्हणतात.

खालच्या आळीच्या बबननं प्लॉट विकून पांढरीशुभ्र, उंचच्या उंच गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा भाऊंना मोठ्या मानानं शोरूमला नेलं. भाऊ म्हणाले, "आदी आईला चढव." बबनची आई नऊवारी नेसलेली, गुडघ्यांनी अधू. तिनं एक पाय वर टाकला आणि तशीच अडकली. ना वर, ना खाली. दोघा विक्रेत्यांनी धरून उतरवली. बबनला राग आला. त्यानं हट्टानं तीच गाडी घेतली, आणि आता आईसाठी डिकीत प्लास्टिकचं स्टूल घेऊन फिरतो. भाऊ त्या गाडीकडं बघतसुद्धा नाहीत. "जिच्यात चढाया स्टूल लागतं ती गाडी न्हाई, माळा हाय," म्हणतात.

माझी पाळी आली तेव्हा मी शहाणपणानं ठरवलं होतं की यांना विचारायचंच नाही. पण भिंत एक. शनिवारी सकाळी मी, बायको, दोन मुलं आणि माझी आई तळेगावला निघालो तर भाऊ आधीच फाटकाशी उभे. टेस्ट ड्राइव्हला त्यांनी सगळी सूत्रं हातात घेतली. पुढं आईला बसवलं, स्टेअरिंग मला दिलं, बायकोला आपल्याजवळ खालीच थांबवलं, मागे दोन बाजूंना माझी दोन मुलं आणि मधे तो विकणारा पोरगा. बिचारा टाय लावून आला होता.

"सर, मी मागे कशाला?"

"तू ईकतोयस न्हवं? मग मधल्या शीटवर बस. तितं घरातलं सगळ्यात गरीब मानूस बसतं. त्याची कंबर काय म्हनती ते मला पायजे."

आणि मग, मी किल्ली फिरवणार इतक्यात, भाऊंनी खाली उभं राहूनच खिडकीतून आत वाकून विचारलं, "मागं समदी बसली का?" पोरं ओरडली, बसलो. पोरगा टाय सैल करत होता. कामशेतपर्यंत जाऊन आलो. पोरगा उतरला तो कमरेवर हात ठेवून. भाऊंनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि गाडी नापास झाली. मला लाल रंगाची ती गाडी मनापासून आवडली होती. आज माझ्या दारात जी आहे तिचा रंग मातीसारखा आहे. पण आईला तिच्यात बसल्याबसल्या झोप लागते, हे खरं आहे, आणि ते मला कबूल करावं लागतं याचा मला राग येतो.

त्या 'मागं समदी बसली का'ची गंमत सांगायची राहिली. भाऊ स्वतः गाडी चालवून बघत असले, मागे चिटपाखरू नसलं, तरी आधी हा प्रश्न विचारतात. विचारतात आणि थोडा वेळ थांबतात. उत्तर येत नाही. मग गिअर टाकतात. मी शेजारी बसून हे कितीदा तरी पाहिलंय. ड्रायव्हर माणूस, असेल सवय, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी भाऊंच्या सारिकाला दिवस गेले. एकुलती एक लेक, शिरगावात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. आमच्याकडं लेकीला सातव्या महिन्यात आणतात. आठवा लागला की मग हलवत नाहीत. व्याह्यांनी फोन केला, आमची मोठी गाडी आहे, आम्हीच आणून सोडतो. भाऊ म्हणाले, "न्हाई. लेक बापानं आनायची. बापाच्या गाडीतनं."

"कुठली बापाची गाडी?" वहिनींनी विचारलं. भिंतीपलीकडून मीही कान देऊन होतो.

"घेतो."

साऱ्या मावळाच्या गाड्या नापास करणारा माणूस आता स्वतःसाठी गाडी बघायला निघाला. तुम्हाला काय वाटतं, सोपं गेलं असेल? सातवा महिना लागला तरी भाऊंची काच वर-खाली चालूच होती. तळेगावच्या शोरूमचा वॉचमन त्यांना लांबून बघून आत वर्दी द्यायचा. एका मॅनेजरनं हात जोडून सांगितलं, "काका, इतकं शोधून परफेक्ट गाडी मिळत नाही हो." भाऊ म्हणाले, "मिळंल. तुमच्याकडं न्हाई, एवढंच." आणि चपला घालून बाहेर आले. रस्त्यात मी म्हटलं, भाऊ, मॅनेजर खोटं नव्हता बोलत. तर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

हिरावहिनींची मात्र झोप उडाली होती. माझ्या बायकोला म्हणाल्या, "आठवडा राह्यलाय. आठवा लागला तर पोरगी तितंच राहील. पैलं बाळंतपन, आन् आई जवळ न्हाई. आन् हे काचा मोजत बसल्यात." त्या रडल्या. भाऊ ओट्यावरच होते, त्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वडगावला गेले आणि एका रिटायर्ड डॉक्टरांची जुनी राखाडी गाडी घेऊन आले. चौकोनी, बुटकी, ना टीव्ही, ना टपाला भोक. मागची काच हातानं फिरवायची, पण ती दरवाजात पार गडप होत होती. बबन फाटकाशी येऊन म्हणाला, "भाऊ, सगळ्यांना नव्या नाकारल्या आन् सोता जुनी?" भाऊ गाडी पुसत होते, पुसतच राहिले. "बाप बी जुनाच हाय," म्हणाले.

सातवा संपायला तीन दिवस असताना आम्ही शिरगावला निघालो. भाऊ चालवणार, मागे वहिनी, पुढं मी. मला का नेलं? तर वहिनींचा हुकूम होता की यांनी वाटेत कुणाशी भांडण काढलं तर आवरायला कुणीतरी हवं.

येताना सारिका डाव्या खिडकीशी बसली. भाऊंनी स्वतः काच खाली करून दिली, पाठीला उशी लावली, दार हळूच लोटून पुन्हा ओढून पाहिलं. पुढं येऊन बसले आणि तोंड उघडणार तोच व्याह्यांनी खिडकीशी येऊन निरोप द्यायला सुरुवात केली. त्या गडबडीत त्यांचा प्रश्न राहून गेला. जुन्या हायवेला लागल्यावर त्यांनी चाळीसच्या वर काटा नेला नाही. मागून ट्रक बोंबलत होते, दुचाकीवाले वळून वळून बघत होते. "बघू दे," भाऊ म्हणाले. "त्यांच्यात कुनी सात महिन्यांचं न्हाई."

कार्ले फाटा आला. घराकडं उजवीकडं वळायचं. भाऊंनी डावा इंडिकेटर दिला आणि गाडी लोणावळ्याकडं जाणाऱ्या एसटीच्या थांब्यावर नेऊन उभी केली. इंजिन बंद.

"भाऊ, वळण तिकडं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही. समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "सारे, तू हितं उभी व्हतीस."

त्यांनी बोटानं थांबा दाखवला.

"धाव्वीचा पेपर व्हता तुजा. यष्टी आली न्हवती. मी शेठला पुन्याला सोडून मोकळी गाडी घेऊन खंडाळ्याला चाललेलो. तुज्याच शाळंवरनं. मागची शीट रिकामी. शेठनं सांगून ठिवलेलं, गाडीत परकं कुनी बसलं तर दुसऱ्या दिशी कामाला यायचं न्हाई. तू दिसलीस मला. लांबूनच दिसलीस. मी थांबलो न्हाई. काच खाली घ्यायची बी धमक झाली न्हाई माजी."

सारिका अगदी साधेपणानं म्हणाली, "मला माहितीये, आबा. मी बघितलं होतं तुम्हाला. मैत्रिणी म्हणाल्या, अगं, तुझे आबा ना ते? थांबले का नाहीत? मी म्हटलं, गाडी त्यांची नाहीये. मग दुधाच्या टेम्पोतून गेले मी. पेपर मिळाला की."

"कदी बोलली न्हाईस."

"तुम्ही पण नाही बोललात."

"आता हाय," भाऊ म्हणाले. "गाडी. आता माजी हाय." आणि साठी उलटलेला तो माणूस, ज्यानं अख्ख्या शोरूमला घाम फोडला, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून रडायला लागला. मी बाहेर बघत राहिलो. मला आवरायला नेलं होतं ते भांडणासाठी. याच्यासाठी काय करायचं ते वहिनींनी सांगितलं नव्हतं.

मागे एसटी येऊन ठेपली आणि हॉर्नवर हॉर्न. ड्रायव्हरनं खिडकीतून ओरडून सांगितलं, "ओ काका, थांबा आहे हा, गाडी काढा."

भाऊंनी डोळे पुसले, मान बाहेर काढली. "थांबा हाय म्हनूनच थांबलोय," म्हणाले. "तू जा की बाजूनं."

तो शिव्या देत बाजूनं गेला, थांबलाच नाही. थांब्यावर पाटी घेऊन उभी असलेली एक म्हातारी त्या एसटीकडं आणि मग आमच्याकडं बघायला लागली. चूक सरळ सरळ आमची होती.

"मावशी, कुटं?" भाऊंनी विचारलं.

"लोनावळ्याला."

"बसा."

"अवो, पोरगी अवघडलीय," वहिनी म्हणाल्या. "आदी घरी चला. लोनावळं काय वाटंवर हाय का?"

"असू दे, आई," सारिका म्हणाली. "मला त्या दिवशी लोणावळ्यालाच जायचं होतं."

मावशींना गुडघ्यांचा त्रास, म्हणून त्या पुढं बसल्या. त्यांची पाटी माझ्या मांडीवर आली आणि मी मागे, मायलेकींच्या मधल्या सीटवर. घरातलं सगळ्यात गरीब माणूस तिथं बसतं, हे मला ठाऊक होतं. कंबर मात्र काही बोलली नाही. गाडी खरंच बापाची होती.

भाऊंनी किल्ली फिरवली. आरसा सारखा केला. त्यात आम्ही तिघं मावत होतो.

"मागं समदी बसली का?" त्यांनी विचारलं आणि नेहमीसारखे थांबले.

"बसले, आबा," सारिका म्हणाली. "चला आता."